जॅब टाकून हात परत कुठे येतो?

पत्र: माझा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. आधी दोन वर्षं तालमीत जायचा, मग कुस्ती सुटली आणि बॉक्सिंगचं वेड लागलं. क्लास लावून नऊ महिने झाले. सर शिस्तीचे आहेत, पण अजून उभं राहणं, चालणं आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) एवढंच चाललंय. कधीतरी बॅगवर क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारू देतात. स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, नाही. आमच्याच गल्लीतली दोन पोरं दुसऱ्या क्लासला जातात. त्यांना दुसऱ्या महिन्यात रिंगमध्ये उतरवलं, एकाला जिल्ह्याचं पदकही मिळालं. आमचा हिरमुसून बसतो. तो डावखुरा आहे, तरी सर डावा पाय पुढे ठेवायला लावतात. पॅडवर (सर हातात धरतात त्या गाद्यांवर) एक दिवस छान मारतो, दुसऱ्या दिवशी सगळं विसरल्यासारखं करतो. शेवटी शेवटी तर हात खालीच येतात. म्हणतो, मी प्रोफेशनल बॉक्सर होणार. ह्याचे बाबा म्हणतात, वेळ जायच्या आत क्लास बदलू. काय करावं कळेना झालंय. – एक आई, जुळे सोलापूर

ताई, सप्रेम नमस्कार.

क्लास आत्ताच बदलू नका. सरांना दोन प्रश्न मात्र जरूर विचारा. ते कोणते, हे पुढे ओघात सांगतो.

आधी जॅबचं बघू, कारण तुमची खरी तक्रार तीच आहे. समोरून काही येताना दिसलं की हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. चांगला जॅब तेवढ्या वेळात येऊन पोहोचलेला असतो. ठोसा दिसला की हात वर घेऊ, असं म्हणायला रिंगमध्ये सवडच नसते. हात आधीपासून गालाशी असावा लागतो, हनुवटी आधीपासून खाली असावी लागते. ही सवय पहिल्या एक-दोन वर्षांत लागते. पुढे कितीही नवे ठोसे शिकले तरी दम लागला, नाकावर एक बसली, समोरचा अंगावर चालून आला, की शरीर सगळ्यांत जुनी सवय बाहेर काढतं. म्हणून पहिल्या वर्षी नवीन काही शिकवण्याची घाई न करणारे सर आम्हाला भरवशाचे वाटतात.

सवयीत राहिलेली बारीकशी चूक किती महागात पडते, ते अमेरिकन बॉक्सर जो लुईच्या बाबतीत जगाने पाहिलं. १९३६ साली तो एकही लढत हरलेला नव्हता आणि जॅक ब्लॅकबर्नसारखा मुरलेला प्रशिक्षक त्याच्या पाठीशी होता. तरी जॅब टाकल्यावर त्याचा डावा हात गालाशी सरळ परत न येता खाली रेंगाळायचा. जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगने हे हेरलं आणि त्या खाली आलेल्या हातावरून उजवा मारत राहिला. बाराव्या राऊंडमध्ये लुई नॉकआउट झाला. १९३८ च्या लढतीत लुईने त्याला पहिल्याच राऊंडमध्ये संपवलं हे खरं, पण एवढ्या मोठ्या खेळाडूलाही ती चूक आधी हजारो लोकांसमोर भोगावी लागली.

तुम्ही स्वतः कधी ग्लोव्हज घातले नसतील, तरी मुलाचा जॅब घरी तपासता येतो. फोन कमरेच्या उंचीवर, बाजूने, पायापासून डोक्यापर्यंत सगळा दिसेल असा ठेवा आणि स्लो मोशनवर वीस जॅब चित्रित करा. पहिल्यांदा मागचा हात बघा, म्हणजे जो मारत नाहीये तो. पुढचा हात निघाला की मागचा चार बोटं खाली उतरतो, ही नवख्यांची सर्वांत सार्वत्रिक चूक. डावा पाय पुढे असणाऱ्याचा उजवा हात उतरला की समोरच्याच्या डाव्या हुकला (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाला) जागा मिळते. मग कोपर बघा. ठोसा निघायच्या आधीच कोपर बाहेर फाकलं, तर समोरच्याला अर्धी खबर आधीच लागते आणि ताकदही वाया जाते. याला साधा उपाय आहे. पुढचा खांदा भिंतीपासून वीतभर अंतरावर येईल असं त्याला भिंतीला समांतर उभं करा आणि सावकाश जॅब टाकायला सांगा. कोपर भिंतीला घासलं तर फाकतंय. त्यानंतर खांदा बघा. हात पूर्ण लांब होताना खांदा वर येऊन हनुवटी झाकतोय का? शेवटी परतीचा रस्ता बघा. हात ज्या रेषेत गेला त्याच रेषेत गालाशी यायला हवा, कमरेकडून वळसा घालून नाही. मूठ शेवटच्या वीतभर अंतरातच वळावी आणि पहिल्या दोन बोटांच्या गाठी आधी लागाव्यात. करंगळीच्या बाजूने ठोसा बसत राहिला की त्या बोटामागचं तळव्यातलं हाड मोडतं. डॉक्टर त्या मोडीला बॉक्सरचंच नाव देतात.

पायांसाठी गच्चीवर खडूने एक सरळ रेघ मारा. पुढचा पाय रेघेच्या एका बाजूला, मागचा दुसऱ्या बाजूला, अंतर खांद्याएवढं, मागची टाच किंचित उचललेली. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, डावीकडे जाताना डावा आधी. तो हलत असताना मध्येच ‘थांब’ म्हणा आणि पाय बघा. पाय एकमेकांना चिकटले किंवा दोन्ही एका रेघेवर आले, तर खांद्याला हलकासा धक्का द्या. तोल गेलेला त्याला स्वतःलाच कळेल. ठोशाची ताकद जमिनीवरून निघते. मागच्या पायाचा रेटा, कंबरेचा पीळ, खांदा आणि सगळ्यांत शेवटी हात. पाय चुकीच्या जागी असले की पोरं नुसत्या हाताने मारतात, खांदे भरून येतात, आणि दोन मिनिटांत हात खाली.

तुमच्या मुलाचे हात शेवटी खाली येतात, त्याचं मूळ बहुधा इथेच आहे. नुसता स्टॅमिना कमी असं समजून त्याला जास्त पळवू नका. आधी तीन गोष्टी बघा. ठोसा मारताना तो श्वास धरून ठेवतो का? प्रत्येक ठोशाला नाकातून किंवा दातांच्या फटीतून छोटा ‘स्स’ निघायला हवा. मूठ सतत आवळलेली असते का? ती लागण्याच्या क्षणालाच घट्ट व्हावी, एरवी सैल. खांदे कानांशी चढलेले असतात का? या तिन्हींत उगाच शक्ती जाते.

सातत्याचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. समजा पहिल्या राऊंडमध्ये वीसपैकी अठरा जॅबनंतर हात गालाशी परत येतो आणि तिसऱ्यात फक्त नऊ वेळा. तर तिसऱ्या राऊंडमध्ये तो दमासोबत चुकीचा जॅबही घोटतोय. अशा मुलाला दोन मिनिटांचे राऊंड द्यायचे नाहीत. एक मिनिट किंवा दीड मिनिट द्यायचं, वीसपैकी सोळा-सतरा हात परत येतात तिथपर्यंतच खेळवायचं आणि तंत्र मोडायला लागलं की राऊंड थांबवायचा. दर दोन आठवड्यांनी पंधरा सेकंद वाढवायचे. ‘थकल्यावरही मार’ हे बोलायला जोरदार वाटतं, पण तेरा वर्षांच्या पोराला त्यातून थकल्यावर हात पाडायचीच सवय लागते. तुमचे सर राऊंड मध्येच थांबवत असतील तर ती त्यांची कमजोरी समजू नका.

एक दिवस छान आणि एक दिवस विसरल्यासारखं, याला वयाचंही कारण आहे. या वयात मुलं एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटरसुद्धा वाढतात. हात-पाय लांबले की ठोसा कुठे पोहोचतो, तोल कुठे राहतो, हा सगळा हिशोब बदलतो. दर महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर उंचीची खूण करा. उंची झपाट्याने वाढतेय असं दिसलं तर सरांना सांगा. त्या दोन-तीन महिन्यांत उड्या आणि दोरी कमी, स्टान्स (उभं राहण्याची ठेवण) आणि सावकाश शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव) जास्त. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन दुखत असेल तर उड्या बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात ते बरंच दिसतं आणि विश्रांतीने निवतं.

आता गल्लीतल्या पोरांचं. त्यांचं कौतुक करायलाच हवं, पण पदकाचं गणित माहीत असू द्या. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं. जिल्हा पातळीवर लहान वयाच्या गटात एखाद्या वजनात चारच नावं आली, तर एकही बाउट (लढत) न जिंकता पदक घरी येतं. त्या मुलाचं तसंच झालं असेल असं आम्ही म्हणत नाही. पदकावरून क्लास निवडू नका, इतकंच.

दुसऱ्या महिन्यात स्पारिंगला उतरवलेलं पोर काय शिकतं, ते मात्र ठामपणे सांगता येतं. ठोसा आला की डोळे मिटणं, तोंड बाजूला फिरवणं आणि कंबरेतून सरळ मागे झुकणं. तिन्ही भीतीतून येतात आणि तिन्ही पक्क्या होतात. मागे झुकणाऱ्याची हनुवटी वर येते आणि मागे जायला जागाच उरत नाही. पुढचे प्रशिक्षक दोन-दोन वर्षं याच तीन गोष्टी काढत बसतात. शिवाय हेडगार्डने भुवई फुटणं कमी होतं, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. स्पारिंगनंतर डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन झाला नाही किंवा पोरगं गोंधळल्यासारखं बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि पूर्ण परवानगी मिळेपर्यंत रिंग बंद. डोक्यावरच्या ठोशाने लढत थांबवावी लागली तर स्पर्धेच्या नियमांतही किमान ३० दिवस खेळाडूला बाहेर ठेवतात.

इथेच सरांना विचारायचा पहिला प्रश्न येतो: ‘जोडीतला सराव कधी सुरू करणार?’ नऊ महिन्यांत खुलं स्पारिंग नाही, हे योग्य. पण समोर माणूसच नाही, हे बरोबर नाही. पहिल्या तीन महिन्यांनंतर जोडी लागायला हवी होती. एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त तळहाताने टोलवायचा किंवा डोकं बाजूला घ्यायचं, निम्म्या वेगात, एक मिनिट, मग अदलाबदल. ते जमलं की दोघांचाही फक्त जॅब. त्यानंतर फक्त छाती-पोटावरचे ठोसे, डोक्याला हात नाही. हे स्थिर झालं की वर्षाच्या आसपास हलकं खुलं स्पारिंग: १४ किंवा १६ औंसाचे ग्लोव्हज, हेडगार्ड, तोंडातला गार्ड, कमरेखालचा गार्ड, दीड-दोन मिनिटांचे दोन राऊंड, वजनात फार फरक नसलेला जोडीदार आणि सर स्वतः दोरीशी उभे. पॅड आणि बॅगवर अंतर कळत नाही, कारण बॅग मागे सरकत नाही आणि उलट मारत नाही. तुमचा मुलगा हिरमुसतो तो बहुधा समोर कुणीच नसल्यामुळे. जोडीतला सराव सुरू झाला की पाहा, जॅबची गोडी परत लागेल.

दुसरा प्रश्न स्टान्सचा: ‘डावखुरा असून डावा पाय पुढे का?’ याला चांगलं उत्तर असू शकतं आणि वाईटही. जगज्जेते बॉक्सर ऑस्कर डी ला होया आणि मिगेल कोट्टो दोघेही मुळात डावखुरे, पण डावा पाय पुढे ठेवून लढले, त्यामुळे त्यांचा जॅब आणि डावा हुक जबरदस्त होता. उलट अमेरिकेचा मार्विन हॅगलर आणि युक्रेनचा लोमाचेन्को उजव्या हाताचे असून साउथपॉ म्हणून, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून, उभे राहिले. तुमच्या सरांनी ‘जोरकस हात पुढे हवा’ असा विचार केला असेल तर त्यात तथ्य आहे. पण ‘सगळे असेच उभे राहतात’ किंवा ‘उलटं शिकवायला त्रास होतो’ असं उत्तर आलं, तर आग्रह धरा. मुलगा कोणत्या पायाने चेंडू मारतो, कोणत्या हाताने दगड फेकतो, तालमीत पवित्र्यात कोणता पाय आपसूक पुढे यायचा, हे सरांना सांगा. दोन आठवडे दोन्ही बाजूंनी उभं करून बघायला सांगा. कोणत्या बाजूला मागे सरकताना तोल टिकतो ते बघून एकदाच ठरवा. त्यानंतर दोन वर्षं त्यात बदल नको. दर महिन्याला बाजू बदलणाऱ्या पोराचे पाय कुठल्याच बाजूला बसत नाहीत.

तालमीतली दोन वर्षं वाया गेली असं अजिबात समजू नका. मान, कंबर आणि मांड्या तिथेच घडल्या आहेत. मजबूत मानेमुळे डोक्याला बसणारा हिसका कमी होतो. पण तीन गोष्टी तालमीतून तशाच आल्या असतील तर त्या आत्ताच काढायला हव्यात. कुस्तीत डोकं पुढे असतं, इथे ते पुढच्या गुडघ्याच्या पुढे जाता कामा नये. कुस्तीत छाती समोर असते, इथे किंचित तिरकी. आणि जवळ गेलं की मान धरायला, कवळ घालायला हात जातात, तो इथे फाउल आहे. खाली जायचं तर गुडघ्यातून, कंबरेतून वाकून नाही. सर त्याला चालण्यातच इतके दिवस गुंतवतात, त्याचं हेही कारण असू शकतं.

प्रशिक्षक पारखायचा असेल तर एक दिवस तासभर कोपऱ्यात बसून त्यांचं पॅड धरणं बघा. पॅड त्यांच्या स्वतःच्या हनुवटीच्या आसपास आणि एकमेकांजवळ असावेत. दोन्ही हात पंखांसारखे पसरून पॅड धरले की मुलगा हवेत आडवे फटके मारायला शिकतो. पॅड ठोशावर आदळून मोठा आवाज काढणारेही असतात. व्हिडिओत छान वाटतं, पण मुलाचा हात अर्ध्यातच थांबायला शिकतो आणि खऱ्या बाउटमध्ये ठोसा चार इंच कमी पडतो. आणखी एक बघा: ते एका वेळी एकच चूक सांगतात का, आणि तीच चूक परवाही सांगतात का? एका राऊंडमध्ये सहा सूचना दिल्या तर पोरगं एकही धरत नाही.

प्रोफेशनल होण्याबद्दल. लोमाचेन्कोला लहानपणापासून वडिलांनीच शिकवलं. मध्ये काही वर्षं बॉक्सिंग थांबवून त्याला पारंपरिक नृत्याला घातलं, पायांसाठी. २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि हौशी कारकिर्दीत ३९६ विजय, एक पराभव, हे झाल्यावर तो व्यावसायिक झाला. आपल्या विजेंदर सिंगनेही २००८ चं कांस्य आधी मिळवलं, प्रोफेशनल झाला २०१५ मध्ये. हौशी बाउट मोठ्यांच्या गटातही तीन राऊंडची असते, प्रोफेशनल लढत चार राऊंडपासून सुरू होऊन बारापर्यंत जाते. बारा राऊंड हात गालाशी परत आणणं हे त्या कामाचं अर्धं स्वरूप आहे. तुमच्या मुलाला सध्या सब-ज्युनियर, मग ज्युनियर, युथ अशाच वयोगटांच्या पायऱ्या चढायच्या आहेत. चांगला तयार झाला तर पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीच्या निवड चाचण्यांची वयाची अट आणि तारखा आत्तापासून बघून ठेवा.

पहिला पाया चांगला असला तरी तो आपोआप टिकत नाही, हेही ह्याच्या बाबांना सांगा. माइक टायसनला कस डी’आमाटोने पोरवयापासून घडवलं: दोन्ही हात गालांशी, डोकं सतत हलतं, प्रत्येक ठोशाला नंबर. डी’आमाटो १९८५ मध्ये गेला, पण केव्हिन रूनीने तीच पद्धत पुढे चालवली आणि टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झाला. १९८८ मध्ये रूनीला काढल्यावर डोक्याची ती हालचाल हळूहळू कमी झाली, आणि १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसच्या सरळ जॅबने त्याला लढतभर टिपलं. उलटं उदाहरणही आहे. युक्रेनचा बॉक्सर व्लादिमिर क्लिट्श्को २००४ मध्ये हरला, तेव्हा प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डने त्याला जॅब, अंतर आणि वेळेवर क्लिंच (समोरच्याचे हात क्षणभर अडकवणं; प्रोफेशनलमध्ये रेफरी सोडवेपर्यंत ते खपतं) यांवर पुन्हा उभं केलं, आणि तो २०१५ पर्यंत हरला नाही. म्हणजे उशिरा सुधारता येतं. पण त्याच्याकडे जॅब मुळातच होता.

बाकी किरकोळ. हाताची पट्टी साडेचार मीटरची घ्या, मनगटाला तीन वेढे आणि बोटांच्या मधून. मुलगा चाळीस किलोचा असेल तर बॅग वीस किलोच्या आसपास पुरे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाचचा सराव नको, सकाळी सहाचा मागून घ्या. वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून पळायला कुणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. या वयात वजनगट बदलायचा, मुलगा वाळवायचा नाही. भाकरी, शेंगाचटणी, उसळ, दूध, अंडी, हे पोटभर चालू दे.

दोन प्रश्न विचारून तीन महिने थांबा, आणि दर पंधरा दिवसांनी तेच वीस जॅब त्याच जागेवरून चित्रित करा. जोडीतला सराव सुरू झाला आणि हात परत येण्याचा आकडा वाढला, तर ह्याच्या बाबांना तो व्हिडिओ दाखवा. सरांनी प्रश्न उडवून लावले आणि तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर खुशाल बदला. तोवर ‘इथेही जाऊ दे, तिथेही जाऊ दे’ असं करून दोन क्लास एकदम लावू नका. एकजण कोपर आत म्हणणार, दुसरा ते बाहेर चालवून घेणार, आणि मधल्या मध्ये पोराचा हात अडकणार.